पांढऱ्या कडेवरचे पेन्सिलीचे आकडे : अतिवास्तववादी छायाचित्राची मर्यादित आवृत्ती समजून घेताना

ठाण्याच्या नौपाड्यातील एका फ्रेमच्या दुकानात काही महिन्यांपूर्वी मी माझ्या कामासाठी थांबलो होतो. तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका पातळ कागदात गुंडाळलेले एक कृष्णधवल छायाचित्र घेऊन आल्या. ओहोटीच्या वेळची खाडी, ओला चिखल, आणि त्या चिखलातून सरळ वर जाणारा व आभाळात कुठेच न पोहोचणारा एक लाकडी जिना, असे ते चित्र होते. चित्राखाली दोन बोटे रुंद पांढरी कड होती. तिच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘१२/२५’ असे लिहिलेले होते आणि उजव्या कोपऱ्यात छायाचित्रकाराची सही होती. दुकानदाराने माप घेतले आणि अगदी सहज म्हटले, “ताई, ही कड कापून टाकतो, म्हणजे तयार मापाच्या फ्रेममध्ये बसेल.” त्याने पट्टी आणि कटर उचललेही होते. मी मध्ये पडलो. मी स्वतः छायाचित्रांची छपाई करतो, त्यामुळे ती कड गेली असती तर काय गेले असते, हे मला ठाऊक होते. बाईंनी मला साधाच प्रश्न विचारला : “एवढं काय आहे हो त्या पेन्सिलीत?” ती पेन्सिल म्हणजे मर्यादित आवृत्तीची, म्हणजे ठरावीकच प्रती काढण्याच्या शब्दाची, खूण; त्या दिवशी दुकानात उभ्याउभ्या जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात छायाचित्रापासूनच करायला हवी, कारण अतिवास्तववादी छायाचित्र हे इतर छायाचित्रांपेक्षा एका बाबतीत मुळातच वेगळे असते. आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीने १९२४ साली पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. स्वप्न आणि जागेपण, मनाचा तळ आणि बाहेरचे जग यांच्यामधली भिंत पाडून टाकावी, तर्काच्या पहाऱ्यातून सुटलेले मन जे दाखवेल ते कलेत यावे, ही त्या चळवळीची मूळ भूमिका होती. चित्रकाराने स्वप्न रंगवले, तर पाहणारा ‘ही त्याची कल्पना’ असे म्हणून मोकळा होतो. छायाचित्राचे तसे होत नाही. कॅमेऱ्यासमोर काहीतरी होते म्हणूनच कागदावर उमटले, असा आपल्या डोळ्यांचा पक्का समज असतो आणि अतिवास्तववादी छायाचित्रकार नेमक्या याच समजाचा उपयोग करून घेतो. अशक्य गोष्ट तो साक्षीपुराव्यासारखी समोर ठेवतो. छायाचित्रकार डोरा मार यांनी १९३६ साली काढलेल्या ‘उबू’ या चित्रात नखे असलेला, खवल्यांचा एक अनोळखी जीव दिसतो, तो आर्माडिलोचा गर्भ असावा असे मानले जाते, परंतु स्वतः मार यांनी त्यावर कधीही शिक्कामोर्तब केले नाही. ते चित्र पाहताना जी अस्वस्थता येते, ती तो जीव खरोखर कॅमेऱ्यासमोर होता या जाणिवेमुळे येते.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध चित्र मॅन रे यांचे आहे. मूळचे अमेरिकन आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले हे छायाचित्रकार १८९० साली जन्मले आणि १९७६ साली वारले. १९२४ साली त्यांनी किकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अॅलिस प्राँ हिचे पाठमोरे छायाचित्र घेतले. डोक्याला फेटा बांधून बसलेल्या किकीच्या उघड्या पाठीवर व्हायोलिनच्या लाकडात असतात तशा दोन वळणदार खाचा दिसतात आणि क्षणभर ते शरीर वाद्य होते. चित्रकार अँग्र यांना व्हायोलिन वाजवण्याचा नाद होता, त्यावरून फ्रेंच भाषेत ‘अँग्रचे व्हायोलिन’ हा शब्दप्रयोग मनापासून जोपासलेल्या छंदासाठी वापरला जातो. मॅन रे यांनी हेच शीर्षक या चित्राला दिले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की त्या खाचा किकीच्या पाठीवर नव्हत्या. त्या छायाचित्र घेतल्यानंतर, प्रिंट घडवण्याच्या टप्प्यावर आल्या. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे हे चित्र अतिवास्तववादी ठरते, ती कॅमेऱ्याने टिपलेलीच नाही. या जातीच्या कामात प्रिंटला इतके महत्त्व का असते, याचे उत्तर या दोन खाचांमध्ये आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांचे ‘दाली अॅटॉमिकस’ हे १९४८ सालचे चित्र होय. चित्रकार साल्वादोर दाली हवेत उडी मारलेल्या स्थितीत आहेत, तीन मांजरे आणि पाण्याचा एक लांबलचक फवारा चित्रभर उडतो आहे, खुर्ची जमिनीपासून वर आहे आणि चित्राची घोडीही तरंगते आहे. आजचा पाहणारा लगेच संगणकाचे नाव घेईल. प्रत्यक्षात घोडी व इतर वस्तू बारीक तारांनी टांगलेल्या होत्या, खुर्ची हाल्समन यांच्या पत्नीने हाताने उचलून धरली होती, ठरलेल्या आकड्यावर सहायक मांजरे व बादलीभर पाणी फेकत आणि त्यापुढच्या आकड्यावर दाली उडी मारत. प्रत्येक प्रयत्नानंतर हाल्समन डार्करूममध्ये जाऊन निगेटिव्ह धुऊन पाहत आणि तोवर सहायक फरशी पुसत व मांजरे पकडून आणत. मनासारखी चौकट मिळेपर्यंत असे २८ प्रयत्न झाले आणि त्यांत पाच-सहा तास गेले. तरीही काम तेथे संपले नाही. अंतिम प्रिंटमधून तारा आणि खुर्ची धरलेला हात काढण्यात आला आणि घोडीवरच्या रिकाम्या चौकटीत दाली यांनी केलेले चित्र बसवण्यात आले. मांजरांना आणि माणसांना इतके राबवल्यानंतरसुद्धा शेवटचा हात प्रिंटवरच फिरला, हे मला फार बोलके वाटते.

डार्करूममध्ये आणखीही पुष्कळ घडत असे. छायाचित्र रसायनात उमटत असतानाच त्यावर क्षणभर उजेड पडू दिला, तर काही भागांत काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते आणि आकृतीच्या कडेने एक गडद रेघ उमटते; याला सोलरायझेशन म्हणतात. मॅन रे आणि छायाचित्रकार ली मिलर यांनी १९२९च्या सुमारास हे तंत्र पुन्हा शोधून नावारूपाला आणले. त्याहीपूर्वी मॅन रे यांनी कॅमेराच बाजूला ठेवून, प्रकाशसंवेदी कागदावर किल्ल्या, स्प्रिंगा, काचेच्या वस्तू मांडून वर दिवा लावला आणि मिळालेल्या सावल्यांच्या चित्रांना स्वतःच्या नावावरून ‘रेयोग्राफ’ म्हटले. रेयोग्राफला निगेटिव्ह नसते. कागदावर जे उमटले ते एकमेव. मग त्याची आवृत्ती कशी निघणार? १९२२ साली मॅन रे यांनी अशा बारा रेयोग्राफांचा एक संच काढला, तेव्हा त्यांनी मूळ चित्रांचे कॅमेऱ्याने पुन्हा छायाचित्र घेतले, त्या निगेटिव्हवरून प्रिंट केले आणि संचाच्या फक्त ४० प्रती ठेवल्या. पुढे १९३१ साली पॅरिसच्या वीज कंपनीसाठी त्यांनी दहा रेयोग्राफांचा ‘एलेक्त्रिसिते’ हा संच केला, तो छापखान्यातील फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापला गेला आणि त्याच्या ५०० प्रती निघाल्या. कलावंत तोच, चित्रांची जात तीच, पण छपाईची रीत वेगळी आणि प्रतींची संख्याही वेगळी. मर्यादित आवृत्ती ही बाजाराने अलीकडे काढलेली युक्ती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९२२ मधला तो ४० हा आकडा ध्यानात घ्यावा.

आता निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्या नात्याकडे वळू. अॅन्सेल अॅडम्स हे अमेरिकन छायाचित्रकार तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी करत होते, म्हणून ते निगेटिव्हला संगीताच्या लिपीची आणि प्रिंटला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. आपल्याकडे हे समजावणे आणखी सोपे आहे. यमनची एकच बंदिश गडकरी रंगायतनमध्ये दोन गायकांनी गायली, किंवा एकाच गायकाने तिशीत आणि सत्तरीत गायली, तर आपण दोन वेगळ्या मैफली ऐकल्या असे म्हणतो; बंदिश तीच होती म्हणून दुसऱ्या मैफलीला नक्कल म्हणत नाही. निगेटिव्ह ही बंदिश आहे. कोणता भाग किती गडद ठेवायचा, सावलीतला तपशील किती उघडायचा, कागद कोणता घ्यायचा, हे प्रत्येक प्रिंटच्या वेळी नव्याने ठरते.

म्हणूनच जाणकार एखाद्या जुन्या छायाचित्राचे नाव ऐकून थांबत नाहीत. हा प्रिंट केव्हा झाला आणि कोणाच्या हातून झाला, हे ते विचारतात. निगेटिव्ह घेतल्यानंतर थोड्याच काळात छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली केलेल्या प्रिंटला व्हिंटेज प्रिंट म्हणतात. त्याच कलावंताच्या हयातीत कित्येक वर्षांनी केलेला तो उत्तरकालीन प्रिंट. आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांनी किंवा न्यासाने करवून घेतलेला तो मरणोत्तर प्रिंट. तिन्ही प्रामाणिक असू शकतात, मात्र तिन्हींची किंमत एक नसते. ‘अँग्रचे व्हायोलिन’चा एक जुना, मूळ प्रिंट मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात १.२४ कोटी डॉलरना विकला गेला आणि लिलावात एकट्या छायाचित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी रक्कम ठरली. त्याच चित्राचे पोस्टर आज काही शे रुपयांत घरी येते. प्रतिमेत फरक नाही. फरक आहे तो कागदाच्या त्या विशिष्ट तुकड्याच्या जन्मात.

इतका पैसा आला की लबाडीही येतेच. मॅन रे यांच्या प्रिंटच्या मागे त्यांच्या स्टुडिओच्या पत्त्याचे शिक्के असतात आणि पत्ता बदलला तसा शिक्काही बदलत गेला. पॅरिसमधल्या र्यू फेरू या रस्त्यावर ते १९५१ मध्ये राहायला गेले, त्यामुळे तो पत्ता मागे असलेला प्रिंट १९२०च्या दशकातला असू शकत नाही. शिक्का खोटा करता येतो. कागद खोटा करणे मात्र अवघड जाते. छायाचित्रांच्या कागदात तो अधिक पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी रसायने साधारण १९५० नंतर मिसळली जाऊ लागली आणि अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर उजळतो. १९९०च्या दशकात १९२०-३०च्या दशकांतील म्हणून विकले गेलेले मॅन रे यांचे काही प्रिंट बनावट असल्याचे उघडकीस आले, ते कागदाच्या अशाच तपासणीतून.

एवढे समजल्यावर ‘१२/२५’ कडे येता येते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र छापताना पत्रा हळूहळू झिजतो आणि काही प्रतींनंतर रेघ बोथट होते. तेथे मर्यादा धातूच घालून देतो, आणि आवृत्ती पुरी झाली की तो पत्रा खरवडून निकामी करण्याची प्रथाही होती. निगेटिव्ह तसे झिजत नाही, आणि संगणकातील फाइल तर अजिबात झिजत नाही. त्यामुळे छायाचित्राच्या आवृत्तीची मर्यादा हा वस्तूचा गुणधर्म नसून कलावंताने दिलेला शब्द असतो : या प्रतिमेचे, या मापाचे, या पद्धतीने केलेले पंचवीसच प्रिंट मी करीन आणि हा त्यांतला बारावा आहे. मराठी घरांना छापील चित्र नवे नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती असंख्य देवघरांत पोहोचल्या. त्या चित्रांचे मोल घरोघरी पोहोचण्यात होते, म्हणून त्यांच्यावर आकडा नव्हता आणि तो नसावा हेच योग्य होते. येथे हेतूच वेगळा आहे.

अपूर्णांकातील खालचा आकडा एकूण प्रतींचा आणि वरचा त्या प्रतीच्या क्रमाचा. पहिल्या क्रमांकाची प्रत पंचविसाव्यापेक्षा सरस असते हा समज पत्रा झिजण्याच्या काळातला आहे. आजच्या छपाईत त्याला आधार नाही. या पंचवीस प्रतींशिवाय कलावंत स्वतःसाठी काही प्रती राखून ठेवतो, त्यांवर ‘ए.पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलेले असते आणि त्यांची संख्या सहसा आवृत्तीच्या एक-दशांशाच्या आसपास असते. या राखीव प्रतीही पुढे बाजारात येऊ शकतात. त्यामुळे विकत घेताना ‘पंचवीसपैकी’ एवढ्यावर समाधान न मानता राखीव प्रती किती आणि इतर मापांच्या आवृत्त्या आहेत का, हे विचारलेच पाहिजे.

हा शेवटचा प्रश्न किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण विल्यम एगलस्टन या रंगीत छायाचित्रांच्या श्रेष्ठ कलावंताचे आहे. (ते अतिवास्तववादी नव्हेत; येथे मुद्दा आवृत्तीचा आहे.) त्यांच्या काही छायाचित्रांच्या मर्यादित प्रती पूर्वी डाय ट्रान्सफर नावाच्या रंगीत छपाईच्या पद्धतीने निघाल्या होत्या. २०१२ साली त्यांतीलच काही प्रतिमांचे खूप मोठ्या मापाचे डिजिटल प्रिंट नव्याने काढण्यात आले आणि ३६ प्रिंट क्रिस्टीजमध्ये ५९ लाख डॉलरना विकले गेले. ज्या संग्राहकाजवळ जुन्या प्रती होत्या, त्याने आपल्या संग्रहाचे मोल घटले म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. २०१३ साली न्यायालयाने तो फेटाळला. पद्धत आणि माप वेगळे असल्याने ही नवी आवृत्ती आहे, जुन्या आवृत्तीची वाढ नव्हे, असा त्याचा आशय होता. मला स्वतःला संग्राहकाची हळहळ समजते, तरी निकाल तर्काला धरून आहे असेच वाटते. शब्द जेवढा दिला तेवढाच पाळला जातो, म्हणून तो नेमका काय दिला आहे हे प्रमाणपत्रावर लेखी असावे : प्रतिमेचे नाव, निगेटिव्ह किंवा फाइलचे साल, प्रिंटचे साल, माप, छपाईची पद्धत, कागद, आवृत्तीची संख्या, राखीव प्रती आणि कलावंताची सही. निगेटिव्हचे साल आणि प्रिंटचे साल ही दोन वेगळी सालं आहेत. प्रमाणपत्रावर एकच असेल, तर दुसरे मागून घ्यावे. यासोबत एक गैरसमजही दूर करतो. प्रिंट विकत घेतला म्हणजे प्रतिमेचा कॉपीराइट मिळाला असे होत नाही. तो कागद आपला होतो, पण त्यावरून लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ किंवा आणखी प्रिंट काढण्याचा हक्क कलावंताकडे किंवा त्याच्या वारसांकडेच राहतो.

आता वस्तूकडे. आज ‘फाइन आर्ट प्रिंट’ म्हणून जे मिळते ते बहुधा पिगमेंट प्रिंट असते. साध्या प्रिंटरच्या शाईत रंग विरघळलेला असतो आणि तो उजेडाने लवकर उडतो; पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात आणि ते कितीतरी अधिक टिकतात. चांगल्या यंत्रांत दहा-बारा शाया असतात, त्यांत काळ्या-करड्याच तीन-चार, कारण कृष्णधवल चित्राचा सारा जीव करड्याच्या पायऱ्यांत असतो. पिगमेंट प्रिंटलाच ‘जिक्ले’ असेही म्हणतात. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द १९९१च्या सुमारास अमेरिकेत रूढ करण्यात आला. नाव भारदस्त असले तरी ते केवळ पद्धतीचे आहे, दर्जाची हमी नव्हे. कागद कापसाच्या तंतूंचा आणि आम्लविरहित असावा. कार्यालयातला नेहमीचा कागद ७५-८० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असतो, तर हा साधारण ३०० जीएसएमचा. हातात घेताच फरक कळतो.

खात्री करण्यासाठी सराफाकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ऑफसेटवर छापलेल्या पोस्टरमध्ये ठिपक्यांची फुलासारखी नियमित नक्षी दिसते. पिगमेंट प्रिंटमध्ये अतिसूक्ष्म ठिपके विखुरलेले दिसतात. आणि डार्करूममधल्या चांदीच्या प्रिंटमध्ये, म्हणजे चांदीचे क्षार असलेल्या जिलेटिनच्या थराच्या कागदावर उमटवलेल्या प्रिंटमध्ये, ठिपकेच दिसत नाहीत, रंगछटा सलग वाहते. पोस्टरवर आकडा आणि सही घालून त्याला ‘लिमिटेड एडिशन’ म्हणणारे विक्रेते आहेत. भिंग त्यांना एका मिनिटात उघडे पाडते.

राहता राहिला आपल्या हवेचा प्रश्न, आणि ठाण्यात राहणाऱ्याने तो शेवटचा समजू नये. कागदी छायाचित्रांना ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. खाडीच्या काठी पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते आणि साधारण ६५ टक्क्यांच्या पुढेच बुरशीला अनुकूल दिवस सुरू होतात. चांदीच्या प्रिंटमधील जिलेटिन ओलाव्याने फुगते आणि बुरशीला ते अन्नच असते. कसर कागदही खाते आणि जिलेटिनही. म्हणून पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर प्रिंट टांगू नये, आतल्या कोरड्या भिंतीवर टांगावा आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून भिंतीशी हवा खेळती ठेवावी. थेट ऊन कधीही पडू देऊ नये. प्रिंट काचेला चिकटता कामा नये, त्यासाठी मध्ये कापसाच्या कागदाचे माउंट, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, हवे. मागे हार्डबोर्ड असेल तर त्याचे आम्ल काही वर्षांत कागदावर पिवळे डाग उमटवते. आणि गोंदाने किंवा चिकटपट्टीने प्रिंट पुठ्ठ्यावर कधीही डकवू नये. संवर्धक मंडळी जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या शुद्ध गव्हाच्या स्टार्चच्या खळीने वरच्या कडेला लावून प्रिंट नुसता लटकता ठेवतात, म्हणजे दमट दिवसांत कागदाला फुगायला आणि कोरड्या दिवसांत आकसायला जागा मिळते आणि उद्या काढायचा झाल्यास पाण्याने खळ सुटते. आपल्या आज्या आकाशकंदिलासाठी जी खळ शिजवत, तिचीच ही शुद्ध बहीण आहे.

त्या दिवशी दुकानदाराने कटर ठेवून दिला आणि माझे सगळे ऐकून घेतले. तयार मापाची फ्रेम सोडून त्याने पट्टी नव्याने कापली, माउंटची खिडकी चित्राच्या कडेपासून बोटभर मोठी ठेवली आणि आठवड्याभराने बाई न्यायला आल्या तेव्हा जिना, खाडी, सही आणि ‘१२/२५’ हे सारे काचेतून दिसत होते. खाडी उजव्या हाताला असलेल्या त्यांच्या घरात तो प्रिंट आता स्वयंपाकघराशी सामाईक नसलेल्या आतल्या भिंतीवर आहे, आणि मागे बुचाचे चार तुकडे आहेत.